शोरूमचे शटर उतरले, आता माझ्या गाडीचे काय?

वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांतील मोठा भाग एकाच काळजीचा आहे. ज्या डीलरकडून मोटारसायकल घेतली तो बंद झाला, किंवा बंद होणार असल्याची कुणकुण लागली आहे, आणि आता कोणाचे दार ठोठवायचे ते कळत नाही. पत्रे निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांविषयी आहेत, म्हणून नावे गाळून आणि मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहे. सर्वांनाच आधी एक विनंती आहे. घाबरून गाडी विकायला काढण्यापूर्वी नेमके काय बंद झाले आहे ते शोधावे. एखादे दुकान बंद होणे, कंपनीने एखाद्या देशातील कारभार गुंडाळणे, कंपनी कर्जात बुडून न्यायालयाच्या दारी जाणे आणि ब्रँडच कायमचा संपणे या चार वेगळ्या घटना आहेत, आणि प्रत्येक वेळी गाडीच्या मालकाने करायची धावपळही वेगळी असते.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी नवी मोटारसायकल घेतली. कंपनीची वॉरंटी अजून शिल्लक आहे. डीलरने वाढीव वॉरंटी आणि तीन वर्षांच्या सर्व्हिसचे पॅकेजही दिले होते, त्याचे पैसे मी आगाऊ भरले आहेत. आता शोरूम आणि वर्कशॉप दोन्हींना कुलूप आहे. माझ्या हाती काय उरले?

उत्तर : आपण एकाच टेबलावर बसून तीन कागदांवर सह्या केल्यात, त्यामुळे ती तिन्ही आश्वासने एकाच दुकानाने दिल्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येकामागे उभा असणारा पक्ष वेगळा असू शकतो.

मूळ वॉरंटी ही उत्पादक कंपनीने दिलेली हमी आहे. डीलर त्या हमीखाली दुरुस्ती करतो आणि मजुरी व सुट्या भागांचे पैसे कंपनीकडून वसूल करतो. तो मधला दुवा नाहीसा झाला म्हणून हमी संपत नाही, कारण ती आपल्या गाडीच्या चेसिस नंबरला जोडलेली असते. त्याच कंपनीच्या दुसऱ्या कोणत्याही अधिकृत डीलरकडे आपण ती मागू शकता. त्यासाठी चेसिस नंबर स्वतः फ्रेमवरून वाचून लिहून ठेवावा. या १७ स्थानांच्या क्रमांकात रोमन लिपीतील आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरतच नाहीत, त्यामुळे शून्य की ओ अशी शंका आली तर ते शून्यच समजावे. एवढ्याशा चुकीमुळे भलत्याच मॉडेलचा भाग हाती पडतो आणि गाडी आणखी तीन आठवडे उभी राहते.

वाढीव वॉरंटीच्या कागदावर कंपनीचे बोधचिन्ह छापलेले असले तरी त्यावर विसंबू नये. करारातील ज्या कलमात दावा कोणाकडे करायचा आणि पैसे कोण देणार हे लिहिलेले असते, ते कलम शोधावे. तिथे उत्पादकाचे किंवा विमा कंपनीचे नाव असेल तर आपण सुरक्षित आहात, फक्त डीलरने आपला हप्ता पुढे भरला होता की नाही याची लेखी खात्री करून घ्यावी. ही खात्री आजच करावी, कारण गाडी बिघडल्यानंतर केलेल्या चौकशीला उत्तर वेगळे आणि उशिरा मिळते. तिथे खुद्द डीलरचेच नाव असेल तर ती वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेज यांची गत एकच आहे. जो व्यवसाय बुडाला त्याचे आपण घेणेकरी झालात. बँका आणि तारण असलेले सावकार आधी, नंतर बाकीचे, अशा रांगेत आपला क्रमांक बराच मागे असतो. तरीही लेखी दावा जरूर नोंदवावा. पूर्ण रक्कम परत येईल अशी आशा मात्र मी आपल्याला देणार नाही.

आणखी एक काम आहे, जे बहुतेक लोक विसरतात. आपल्या गाडीचा सर्व्हिसचा इतिहास कुठे साठवलेला आहे ते विचारा. काही कंपन्यांत तो मध्यवर्ती संगणकावर असतो, काही ठिकाणी तो डीलरच्या कार्यालयातील यंत्रावरच राहतो आणि त्या यंत्रासोबत लिलावात जातो. उत्पादकाच्या ग्राहक कक्षाला पत्र लिहून आपल्या चेसिस नंबरवरील सर्व नोंदींची प्रत मागवावी. त्याच पत्रात आपला सध्याचा पत्ता आणि फोन कळवावा, म्हणजे उद्या एखाद्या दोषासाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या तर सूचना बंद दुकानाच्या नावे जाणार नाही. पुढील सर्व्हिस कोणाकडे करायची हेही त्या पत्रात, मुदत उलटण्यापूर्वी विचारावे. उत्तर आले नाही तर चांगल्या गॅरेजमध्ये वेळेवर सर्व्हिस करून घ्यावी, आणि बिलावर तारीख, किलोमीटरचा आकडा, इंजिन ऑइलची श्रेणी आणि बदललेल्या भागांचे क्रमांक लिहून घ्यावेत. अमेरिकेत १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार, काम आणि भाग फुकट पुरवल्याखेरीज, ‘आमच्याकडेच सर्व्हिस केली तरच वॉरंटी’ अशी अट उत्पादकाला सहसा घालता येत नाही. असा नियम जिथे नाही तिथेही, वेळेवर केलेल्या कामाचे तपशीलवार बिल असलेल्या ग्राहकाला नाकारणे कंपनीला जड जाते.

प्रश्न : नव्या गाडीसाठी आगाऊ रक्कम भरली होती. गाडी शोरूममध्ये उभी होती, मी ती काचेतून पाहत होतो. आता दुकानाला टाळे आहे. ती गाडी माझी नाही का?

उत्तर : दुर्दैवाने बहुधा नाही. शोरूममध्ये मांडलेल्या गाड्या पुष्कळदा कर्जावर आणलेल्या असतात, आणि विकली जाऊन कर्ज फिटेपर्यंत त्यांच्यावर वित्तसंस्थेचा हक्क असतो. आपल्या नावाचे बिल झाले होते का, बिलावर चेसिस नंबर होता का, पूर्ण रक्कम पोचली होती का, यावर आपला दावा किती भक्कम ते ठरते. नुसत्या ‘बुकिंग’च्या पावतीवर विशिष्ट गाडी आपली ठरणे कठीण असते.

रक्कम कशी भरली हे फार महत्त्वाचे आहे. कार्डने भरली असल्यास कार्ड देणाऱ्या बँकेकडे, माल न मिळाल्याच्या कारणाने, त्या व्यवहाराविरुद्ध ताबडतोब तक्रार करावी. या तक्रारीला मुदत असते आणि ती काही महिन्यांचीच असते. ब्रिटनमध्ये तर १९७४च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५व्या कलमाखाली, ठरावीक मर्यादेतील खरेदीसाठी क्रेडिट कार्ड देणारी संस्था विक्रेत्याइतकीच जबाबदार धरली जाते. गाडीसाठी कर्ज मंजूर झाले असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेला गाडी मिळालेली नसल्याचे लगेच लेखी कळवावे. हप्ते परस्पर थांबवू नयेत, त्याचा ठपका आपल्यावर येतो. उत्पादक कंपनीलाही कळवावे. कायद्याने ती बांधील नसली तरी आपले नाव टिकवण्यासाठी काही कंपन्या अशा ग्राहकांना दुसऱ्या डीलरमार्फत गाडी मिळवून देतात.

प्रश्न : माझी गाडी दुरुस्तीसाठी आत असतानाच वर्कशॉप बंद झाले.

उत्तर : ती आपलीच मालमत्ता आहे आणि डीलरच्या कर्जाशी तिचा संबंध नाही. तरीही आज निघा. जॉब कार्ड, नोंदणीची कागदपत्रे आणि ओळखपत्र घेऊन जा, आणि जागेचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याला, म्हणजे मालक, जागामालक किंवा न्यायालयाने नेमलेला अधिकारी यांपैकी जो असेल त्याला, लेखी मागणी द्या. झालेल्या कामाची मजुरी आपल्याकडे मागितली जाऊ शकते. इंजिन उघडलेले असेल तर सुटे केलेले सर्व भाग, नटबोल्टच्या डब्यांसकट, गाडीबरोबर घ्या आणि जागेवरच त्यांची छायाचित्रे काढा. खोलून ठेवलेल्या इंजिनचे चार बोल्ट आणि एक स्पेसर मागे राहिला तर पुढच्या मेकॅनिकचे दोन दिवस तेच शोधण्यात जातात.

प्रश्न : माझ्या गाडीची कंपनीच बंद पडणार असे सगळे म्हणतात. सुटे भाग मिळणे थांबेल का? आत्ताच साठा करून ठेवू का?

उत्तर : हा प्रश्न सर्वाधिक वाचकांनी विचारला आहे, आणि त्याचे उत्तर मागील काही उदाहरणांतच आहे.

पोलारिस या अमेरिकी कंपनीने ९ जानेवारी २०१७ रोजी आपला व्हिक्टरी हा ब्रँड गुंडाळत असल्याचे जाहीर केले. मात्र वॉरंटी पाळण्याचे आणि दहा वर्षे सुटे भाग पुरवण्याचे आश्वासनही तिने तेव्हाच दिले. हार्ले-डेव्हिडसनने ऑक्टोबर २००९ मध्ये ब्यूएल गाड्यांचे उत्पादन थांबवले, तेव्हा त्या गाड्यांची देखभाल हार्लेच्याच डीलरांकडे चालू राहिली. सप्टेंबर २०२० मध्ये त्याच हार्लेने भारतातील उत्पादन आणि विक्री थांबवण्याचे जाहीर केले, आणि पुढच्याच महिन्यात विक्री, सर्व्हिस व सुट्या भागांसाठी हीरो मोटोकॉर्पशी करार झाला. या तिन्ही वेळी मागे उभा राहणारा मोठा मालक होता. ऑस्ट्रियातील केटीएमने नोव्हेंबर २०२४च्या अखेरीस न्यायालयीन पुनर्रचनेसाठी अर्ज केला आणि काही काळ मॅटिगहोफेन येथील उत्पादनही थांबले. फेब्रुवारी २०२५ मध्ये घेणेकऱ्यांनी आपल्या येण्याच्या ३० टक्के रकमेवर तडजोड मान्य केली, बजाजने पैसा उभा केला आणि कंपनी तगली. म्हणजे न्यायालयात गेलेली कंपनी संपतेच असे नाही. तोवरच्या महिन्यांत मात्र डीलरांचा आणि ग्राहकांचा जीव टांगणीला लागतो, आणि कमकुवत डीलर तेवढ्यातही बंद होऊ शकतो.

उलट उदाहरणही आहे. इटलीतील एनर्जिका ही वीजेवर चालणाऱ्या वेगवान मोटारसायकली बनवणारी कंपनी ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. ज्या गाडीची बॅटरी, नियंत्रक आणि आज्ञावली तिघेही एकाच कंपनीच्या हातात आहेत, तिच्या मालकाची काळजी पेट्रोलच्या गाडीच्या मालकापेक्षा खरोखरच मोठी आहे. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला जुनी ट्रायम्फ आहे. तिचा मेरिडेनचा कारखाना १९८३ मध्ये बंद झाला. पुढे हिंकलीत नव्याने उभ्या राहिलेल्या ट्रायम्फच्या गाड्या पूर्णपणे वेगळ्या रचनेच्या होत्या, तरी जुन्या दोन सिलिंडरच्या ट्रायम्फचे पिस्टन, केबल आणि गॅस्केट आजही मिळतात, कारण त्या गाड्या पुष्कळ होत्या, रचना साधी होती आणि छोट्या कारखान्यांना ते भाग बनवणे परवडत होते. आपल्या गाडीचे भवितव्य आजमावायचे असेल तर हेच दोन प्रश्न विचारा. तशा गाड्या रस्त्यावर किती आहेत, आणि तिच्यातला किती भाग संगणकाच्या कुलपाआड आहे?

आता साठ्याविषयी. मोटारसायकलमधील जे भाग वारंवार झिजतात त्यांतले पुष्कळसे त्या कंपनीने बनवलेलेच नसतात. चाकातील बेअरिंग काढून कापडाने पुसले की कडेवर ६२०३ सारखा क्रमांक कोरलेला दिसतो. जगात कुठेही ६२०३ म्हणजे आतून १७ मिलिमीटर, बाहेरून ४० आणि रुंदीला १२. त्या बेअरिंगसाठी मोटारसायकलच्या शोरूमची गरजच नाही, बेअरिंगचे कोणतेही दुकान ते देईल, फक्त वेग आणि धूळ-पाणी सोसणारे, दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेले चांगल्या प्रतीचे घ्यावे. चेनवर ५२० लिहिलेले असते, त्यातील ५ हा आकडा दोन पिनांमधले अंतर पाच अष्टमांश इंच, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर असल्याचे सांगतो आणि पुढचे आकडे रुंदीचे असतात. ऑइल सीलवर त्याची तिन्ही मापे छापलेली असतात. स्पार्क प्लग, टायर, बॅटरी, बल्ब, ब्रेक पॅड या सर्वांची स्वतंत्र बाजारपेठ आहे. एका रविवारी वही घेऊन गाडीजवळ बसा आणि हे सर्व क्रमांक उतरवून काढा. माझ्या मते डीलर गमावलेल्या मालकाचा सर्वात मोलाचा साठा ही वहीच आहे.

जे बाहेर मिळत नाही ते वेगळे. वायरिंगचा हार्नेस (तारांचा जुडगा), मीटरचा संच, इंजिनचा संगणक, टाकी, प्लॅस्टिकची अंगे आणि कोड असलेली चावी हे भाग कंपनीशिवाय कोणी सहसा बनवत नाही. म्हणून एकच किल्ली असेल तर दुसरी आजच करून घ्या. चोरीपासून संरक्षण देणारी यंत्रणा असलेल्या अनेक गाड्यांत, एक नोंदलेली किल्ली हाती असेल तर दुसरी नोंदवता येते, पण सगळ्या हरवल्या तर इंजिनचा संगणकच बदलावा लागतो. विकत घेऊन ठेवायचेच असेल तर क्लच व ब्रेकचे लिव्हर, केबल, गॅस्केटचा संच आणि आपल्या मॉडेलला हमखास त्रास देणारा एखादा सेन्सर एवढे पुरे. रबराच्या वस्तू आणि टायर यांचा साठा करू नये, ते कपाटात ठेवल्यानेही म्हातारे होतात.

प्रश्न : जवळचा अधिकृत डीलर आता दिवसभराच्या प्रवासावर आहे. साध्या गॅरेजवाल्याला आधुनिक गाडी झेपेल का?

उत्तर : ऑइल, फिल्टर, ब्रेक, चेन, टायर, क्लच ही कामे नीटनेटक्या मेकॅनिकला झेपतात, आणि वर्षभरातली बहुतेक कामे हीच असतात. इंजिन ऑइलच्या डब्यावर, ओला, म्हणजे इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला, क्लच असलेल्या गाडीसाठी, जासो एमए ही अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण पाहण्याइतकी त्याची सवय असली पाहिजे, कारण मोटारीचे घर्षण कमी करणारे ऑइल त्यात ओतले तर क्लच घसरू लागतो. खरी अडचण दोन ठिकाणी येते.

एक अडचण निदानाच्या यंत्राची. युरोपीय संघाने २०१३च्या १६८ क्रमांकाच्या नियमावलीत दुचाकींच्या उत्पादकांना दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही देणे बंधनकारक केले, आणि युरो ५ या प्रदूषण-मानकाच्या टप्प्यापासून तिथल्या अनेक गाड्यांना सहा पिनांचा समान निदान-जोड आला. त्यामुळे अनेक कंपन्यांच्या गाड्या वाचणारे स्कॅनर आता मिळतात. दोष वाचणे, मिटवणे आणि सर्व्हिसचा दिवा विझवणे एवढे त्यांवर होते. एबीएसच्या पंपातील हवा काढणे किंवा नवी किल्ली नोंदवणे यांसाठी मात्र पुष्कळदा कंपनीचेच यंत्र लागते. अशी कामे वर्षातून एकदा, एकत्र करून, दूरच्या डीलरकडे वेळ ठरवून करून घ्यावीत आणि भाग त्याने मागवून ठेवले आहेत ना हे निघण्यापूर्वी फोनवर विचारावे.

दुसरी अडचण व्हॉल्व्हच्या शिमची, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही म्हणून सविस्तर सांगतो. अनेक इंजिनांत व्हॉल्व्हचे अंतर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यामधली फट, स्क्रू फिरवून जुळवता येत नाही. व्हॉल्व्हवरच्या बकेट नावाच्या टोपीखाली नखाएवढी पोलादी चकती असते, तीच शिम, आणि तिची जाडी बदलावी लागते. मेकॅनिक फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, अंतर मोजतो. समजा ०.१५ मिलिमीटर हवे आहे आणि ०.१० भरले. तो कॅमशाफ्ट उतरवतो, चकती चुंबकाने उचलतो, तिच्यावर १८५ कोरलेले असते, म्हणजे १.८५ मिलिमीटर. आता त्याला १८० ची चकती हवी. डीलरच्या वर्कशॉपमध्ये कप्प्याकप्प्यांचा एक डबा असतो, त्यात ०.०५ किंवा ०.०२५ च्या अंतराने सर्व जाड्या असतात, आणि काम त्याच दुपारी संपते. डबा नसलेल्या गॅरेजमध्ये तीच गाडी उघड्या इंजिनाने चकतीची वाट पाहत उभी राहते. तेव्हा व्हॉल्व्हच्या तपासणीला गाडी देण्यापूर्वी, मेकॅनिकला आपल्या इंजिनच्या चकत्यांचा व्यास माहीत आहे का आणि संच त्याच्याकडे आहे का, एवढे अवश्य विचारावे.

प्रश्न : मी हेल्मेट, जॅकेट आणि टायर इंटरनेटवरून घेतले. डीलर बंद पडला यात माझ्यासारख्यांचा दोष आहे असे वाटून वाईट वाटते.

उत्तर : आपल्या भावनेचा मी आदर करतो, पण एवढा भार आपण उचलू नये. डीलरचे गणित आधीच नाजूक असते. तो गाड्या कर्जाने आणतो. सुरुवातीचे काही दिवस व्याजाची सवलत मिळाली तरी त्यानंतर न विकलेली प्रत्येक गाडी रोज व्याज खाते. नव्या गाडीवर सुटणारा नफा थोडा असतो आणि दुकान चालते ते मुख्यतः सर्व्हिस, सुटे भाग आणि साहित्य यांवर. म्हणून साहित्याची विक्री बाहेर गेली की फटका बसतो हे खरे आहे. पण मागणी नसताना डीलरच्या गळ्यात गाड्या मारणे, अजून विकल्या न गेलेल्या मॉडेलचे पुढच्या वर्षाचे रूप बाजारात आणणे, शोरूमची सजावट नव्याने करण्याची सक्ती करणे, एकाच परिसरात एकाहून अधिक डीलर नेमणे हे निर्णय आपले नसतात. माझ्या मते उत्पादकांचा वाटा मोठा आहे, आणि सगळे झाल्यावर ‘पुनर्रचना’ हा शब्द वापरून त्यांनी हात झटकू नयेत. शिवाय अनेक दुकाने तोट्यामुळे बंद होतच नाहीत. मालक थकतो, पुढची पिढी दुसऱ्या वाटेने गेलेली असते.

दुकान अडचणीत असल्याची चाहूल मात्र ग्राहकाला आधी लागू शकते. साधा ऑइल फिल्टर ‘मागवावा लागेल’ असे उत्तर वारंवार येऊ लागते. भागांसाठी पूर्वी न मागितलेली आगाऊ रक्कम मागतात. चालवून पाहायची गाडी दिसेनाशी होते. नोंदणीची कागदपत्रे आठवड्यामागून आठवडे लांबतात. आणि सर्वात खरी खूण म्हणजे दहा-पंधरा वर्षे तिथे असलेला मेकॅनिक सोडून जातो. अशा वेळी मोठी रक्कम आगाऊ देऊ नये.

प्रश्न : बंद होणाऱ्या शोरूममध्ये मोठ्या सवलतीत गाडी मिळते आहे. घ्यावी का?

उत्तर : दुसरा अधिकृत डीलर आपल्या आवाक्यात असेल तर जरूर विचार करावा. गाडी केव्हा बनली आणि कंपनीच्या नोंदीत तिची वॉरंटी केव्हा सुरू झाली हे चेसिस नंबर देऊन कंपनीकडून काढावे. महिन्याचे लक्ष्य गाठण्यासाठी गाड्या कागदोपत्री आधीच विकलेल्या दाखवतात, आणि मग वॉरंटीचे कित्येक महिने शोरूममध्येच सरलेले असतात. टायरच्या बाजूवरील चार आकडे पाहावेत, ३२२४ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. बॅटरी नवी मागावी, जुने पेट्रोल आणि ब्रेकचे ऑइल बदलून घ्यावे, दोन्ही किल्ल्या हातात घ्याव्यात आणि नोंदणी आपल्या नावावर झाल्याशिवाय अखेरचा हप्ता देऊ नये.

प्रश्न : मी बंद झालेल्या डीलरकडे अकरा वर्षे मेकॅनिक होतो. जुने ग्राहक फोन करतात. स्वतःचे काम सुरू करावे म्हणतो, पण कंपनीचे यंत्र नाही आणि भीती वाटते.

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. वरच्या सगळ्या वाचकांना जो माणूस हवा आहे तो आपणच आहात, तेव्हा भीतीपोटी मागे फिरू नये. काही पथ्ये मात्र पाळावीत. जुन्या वर्कशॉपमधील ग्राहकांची यादी किंवा परवाना असलेली आज्ञावली बरोबर आणू नये, जे ग्राहक आपणहून येतील त्यांचेच काम घ्यावे. ‘अधिकृत’ हा शब्द पाटीवर लिहू नये. दुसऱ्याची गाडी आपल्या ताब्यात असताना आणि चाचणीसाठी चालवताना होणाऱ्या नुकसानीचा विमा पहिल्या दिवसापासून असावा. वॉरंटी शिल्लक असलेली गाडी आली तर इंजिन उघडण्यापूर्वी मालकाला त्याची स्पष्ट कल्पना द्यावी, आणि जे काम कंपनीच्या यंत्राविना होणार नाही ते सुरुवातीलाच नाकारावे. दूरच्या एखाद्या डीलरच्या सुट्या भागांच्या काउंटरशी खाते उघडावे. त्यांनाही गिऱ्हाईक हवे आहे.

पहिली खरेदी कशाची करावी असे आपण विचारले आहे. चांगला टॉर्क रेंच आपल्याकडे असेलच. मी असतो तर ज्या दोन-तीन इंजिनांवर आपला हात बसलेला आहे त्यांच्या शिमचा संच आधी घेतला असता, आणि त्यासोबत एक नोंदवही. प्रत्येक गाडीचे काम संपले की कोणत्या व्हॉल्व्हखाली किती जाडीची चकती आहे आणि मोजलेले अंतर किती, हे तारीख व किलोमीटरसह दोन प्रतींत लिहावे. एक प्रत आपल्या वहीत ठेवावी, दुसरी मालकाच्या हाती द्यावी आणि सीटखालच्या कागदपत्रांत ठेवायला सांगावी. पुढच्या वेळी ती गाडी आपल्याकडे आली नाही, दुसऱ्याच मेकॅनिककडे गेली, तरी त्याला इंजिन उघडण्यापूर्वीच कोणत्या चकत्या मागवून ठेवायच्या याचा अंदाज येईल.